ऑपरेशनच्या आधीचा महिना: आबांचं लिव्हर, वजन आणि ताटातलं प्रोटीन

आमच्या आबांच्या लिव्हरचा उजवा भाग 22 जुलै 2025 ला पुण्यात काढला. वय 66, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त, गळ्यात तुळशीची माळ, कोरेगाव तालुक्यात घर आणि थोडी शेती. ऑपरेशन कसं करतात, किती तास चालतं याबद्दल वाचायला भरपूर मिळतं. पण त्याआधी पेशंटला खाऊपिऊ घालून ऑपरेशनसाठी तयार करावं लागतं, याबद्दल मराठीत माझ्या हाताला फारसं काही लागलं नव्हतं. आमची तर ठरलेली तारीखच त्या कारणासाठी तीन आठवडे पुढे गेली, आणि कॅन्सरच्या पेशंटला डॉक्टर थांबायला सांगतात म्हटल्यावर घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर त्यांना थोडा धीर यावा म्हणून तारखांसकट लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात शाळेत शिकवते. खालचे आकडे आबांच्या वजनाचे आणि तब्येतीचे आहेत, तुमच्या पेशंटचे त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आधी थोडं मागचं. डिसेंबर 2024 मध्ये आबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. जानेवारीत आतड्याचं ऑपरेशन झालं. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या उजव्या बाजूला तीन गाठी दिसल्या होत्या, त्यामुळे फेब्रुवारीपासून केमो सुरू केली. ऑपरेशनआधीचा शेवटचा डोस 30 मे ला. केमोमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं. ज्यांनी ते घेतलंय त्यांना माहीत असेल, थंड पाण्याला हात लावला तरी बोटांत मुंग्या येतात आणि गार घोट घशाखाली उतरत नाही. त्यात तोंडाला सतत लोखंडासारखी चव. आबा दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. आई म्हणायची, "केमो संपली की खातील." डिसेंबरमध्ये 64 किलो असलेला माणूस जूनमध्ये 55 किलोवर आला होता. गाठी मात्र लहान झाल्या होत्या, त्यामुळे त्या आनंदात वजनाकडे कुणी फार लक्ष दिलं नव्हतं.

12 जूनला पुण्यात लिव्हरच्या सर्जनना दाखवलं. धाकटा भाऊ पुण्यातच असतो, त्याच्या कंपनीच्या विम्यात आईआबा आहेत, म्हणून तिथलंच एक ट्रस्टचं हॉस्पिटल निवडलं. 13 जूनला तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन आणि व्हॉल्यूमेट्री झाली, म्हणजे लिव्हरचा कुठला भाग किती आहे याचं मोजमाप. खर्च 11,500 रुपये. उजवा भाग काढल्यावर आबांचं 34 टक्के लिव्हर उरणार होतं. सर्जननी कागदावर काढून समजावलं: निरोगी लिव्हर असेल तर साधारण एक चतुर्थांश उरलं तरी भागतं, केमो झालेलं असेल तर निदान 30 टक्के लागतं, सिरॉसिस (लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होणं) असेल तर 40. आपण 34 वर आहोत, म्हणजे जमेल, पण फार मोकळीक नाही. तारीख दिली 1 जुलै. विम्याच्या पूर्वमंजुरीचा फॉर्म 17 जूनला गेला आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आलीसुद्धा.

19 जूनला भूलतज्ज्ञांकडे फिटनेससाठी गेलो. त्याच दिवशी माउलींची पालखी आळंदीहून निघाली. यंदा वारी चुकणार हे आबांनी आधीच मनाशी मान्य केलं होतं, तरी गाडीत ते गप्पच होते. भूलतज्ज्ञ बाईंनी ईसीजी, छातीचा एक्सरे पाहिला, जिना चढताना दम लागतो का विचारलं, काढे-चूर्ण काय काय चालू आहे ते विचारलं. गुळवेलीचा काढा चालू होता, तो त्याच दिवशी बंद करायला सांगितला. मग त्यांनी वजनाचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "सहा महिन्यांत नऊ किलो? आहारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही."

आहारतज्ज्ञ बाईंची खोली तळमजल्यावर, फी 600 रुपये. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी आबांकडे पाहिलं.

"काका, पट्टा कितव्या भोकावर लावता?"

आबांनी शर्ट वर केला. पट्ट्याला कंपनीने दिलेली भोकं संपली होती. खिळा तापवून त्यांनी स्वतः एक नवीन भोक पाडलं होतं, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक कमरेभोवती पार मागपर्यंत गेलं होतं. मी तो पट्टा तोवर पाहिलाच नव्हता.

मग मोजमापं झाली. उंची, वजन, दंडाचा घेर, पोटरी. हातात एक यंत्र देऊन जोरात दाबायला सांगितलं, त्यावर पकड आली 21 किलो. पुरुषाची पकड साधारण 27-28 च्या खाली असली की स्नायू अशक्त झालेत असं धरतात. ज्या हाताने आबा एसटीच्या चाकांचे नट सोडवायचे त्या हाताचा हा आकडा. गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते त्यांनी वेळेसकट लिहून घेतलं आणि हिशोब केला: दिवसाला प्रोटीन जेमतेम 35 ग्रॅम. सीटी स्कॅनमध्येही कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळ स्नायू किती आहेत ते पाहता येतं, तेही कमीच होते. रक्तात अल्ब्युमिन (लिव्हरमध्ये बनणारं प्रोटीन) 2.9, हिमोग्लोबिन 9.8, दोन्ही कमी.

त्यांनी सर्जनना फोन केला. तासाभराने आम्हाला वर बोलावलं आणि सर्जन म्हणाले, "1 तारीख रद्द करतोय. आधी खायला घालू, मग कापू."

भाऊ चिडला. "सर, गाठी वाढल्या तर?" त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी तिथेच वहीत उतरवून घेतलं, कारण पुढे नातेवाइकांना तेच पुन्हा पुन्हा सांगायचं होतं. लिव्हरचा दोन तृतीयांश भाग काढल्यावर उरलेल्या एक तृतीयांशाला पहिल्या दिवसापासून अख्ख्या शरीराचं काम करायचं असतं आणि त्याच वेळी स्वतःही वाढायचं असतं. त्यासाठी लागणारं प्रोटीन आणि ताकद अंगात नसेल तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो, पोटात पाणी साठतं. छातीचे स्नायू दुबळे असले तर खोकून कफ काढता येत नाही आणि न्यूमोनिया होतो. लिव्हर थकलेलं असताना रक्तातला अमोनिया हाताळायचं काम काही प्रमाणात स्नायू करतात, म्हणजे स्नायू गेले की तोही आधार गेला. सहा महिन्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर मोठं ऑपरेशन, अगदी कॅन्सरचंसुद्धा, एक-दोन आठवडे थांबवून आधी आहाराचे उपचार करावेत असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. आबांचं वजन 14 टक्के घटलं होतं. आणि केमोनंतर लिव्हर सावरायलाही काही आठवडे द्यावे लागतातच, त्यामुळे हा वेळ वाया जाणार नाही, असं ते म्हणाले. पुन्हा तपासणी 7 जुलैला.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट येईपर्यंत कुणी बोललं नाही. कितीही समजावलं तरी "गाठ पोटात आहे आणि आपण घरी चाललोय" ही भीती जात नाही. ती माझीही गेली नव्हती. फरक पडला तो दुसऱ्या दिवसापासून, कारण हाताला काम मिळालं.

उद्दिष्ट होतं दिवसाला 80 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास, आणि 1,800 कॅलरी. आबा माळकरी, अंडं-मटण घरात येत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याचा विषयही काढला नाही, थेट "ज्वारी की बाजरी?" इथून सुरुवात केली याचं आईला फार बरं वाटलं. पहिल्या आठवड्यात एकदम सगळं वाढायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. बरेच दिवस उपाशीपोटी राहिलेल्या माणसाला अचानक भरपूर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायक खाली येऊ शकतं. म्हणून आधी थायमिनच्या (ब1 जीवनसत्त्वाच्या) गोळ्या, मग हळूहळू वाढवत नेणं, आणि चौथ्या दिवशी साताऱ्यातल्या लॅबमध्ये रक्त तपासणी. फॉस्फरसची तपासणी सगळीकडे लगेच होत नाही. आमचा नमुना बाहेर पाठवला, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टरांनी सांगितली असेल तर लॅबला आधी फोन करून विचारून घ्या.

आता आमच्या घरात ते 80 ग्रॅम कसे जमले ते सविस्तर लिहिते, कारण मला हेच कुठे सापडलं नव्हतं. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा सोयाबीनचं पीठ मिसळलं. भाकरी थोडी चिरते, उकड काढून केली की जमते. दिवसाला अशा तीन लहान भाकऱ्या. डाळ पातळ फोडणीची न करता घट्ट वरण, दोन वाट्या, त्यातून बारा-तेरा ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या, ज्यांना दुकानात सोया चंक्स म्हणतात, त्यात वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं. पण आबांना त्यांचा वास आवडेना. आईने त्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवून मटकीच्या उसळीत घातल्या, तेव्हा चालल्या. घरच्या दुधाचं पनीर रोज 50 ग्रॅम. दोन पेले दूध, त्यात दूध पावडरचा चमचा. मूठभर शेंगदाणे दिवसभरात येता-जाता. आणि संध्याकाळी हुलग्याचं माडगं, जे आबा लहानपणापासून खात आले आहेत. तोंडाची चव गेलेली असताना तेवढं एकच ते मागून प्यायचे. एवढं करूनही दहा-पंधरा ग्रॅम कमी पडायचे, त्यासाठी व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीनची पावडर आणली. किलोचा डबा 2,650 रुपयांना. दुकानदाराने दिलेल्या भलत्याच मोठ्या डब्याचा फोटो आहारतज्ज्ञ बाईंना पाठवला तेव्हा त्यांनी साधी, बिनसाखरेची, बाकी काही न मिसळलेली आणायला सांगितली. व्यायामशाळेतली पोरं घेतात त्यात आणखी बरंच काहीबाही असू शकतं, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नये.

लोखंडी चवीवर आमसुलाचं सार आणि लिंबू यांचा उपयोग झाला. स्टीलच्या ताटाऐवजी काचेची ताटली घेतली, चमचा लाकडी. तीन वेळा ताट भरून वाढण्याऐवजी सहा वेळा थोडं थोडं. आणि झोपायच्या आधी काहीतरी खायचंच, कारण रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू मोडून साखर तयार करतं. लिव्हर कमजोर असलेल्यांना हे जास्त लागू पडतं. आबांचं ते नऊ-साडेनऊचं खाणं म्हणजे नाचणीची खीर किंवा दूध-पोहे.

सगळ्यात अवघड गेलं ते घरी येणाऱ्यांना तोंड देणं. आमच्याकडे कावीळ झाली की डाळ बंद, तेल बंद, मीठ बंद, उसाचा रस आणि पेज, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. "लिव्हरच्या पेशंटला कडधान्य घालता? सोयाबीन?" असं भावकीतले लोक आईला विचारायचे आणि ती बिचारी हबकायची. लिव्हरच्या रुग्णाचं प्रोटीन तोडायचं नाही, सिरॉसिस असला तरी तोडायचं नाही, असं आताचे डॉक्टर सांगतात. शेवटी मी सर्जनच्या लेटरहेडवरचा आहाराचा कागद झेरॉक्स करून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. त्यानंतर बोलणं कमी झालं. ज्यांच्या घरी असे सल्ले येत असतील त्यांनी डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात, घरातल्या बाईवरचा भार हलका होतो.

दुसरा सल्ला यायचा तो अल्ब्युमिनच्या बाटलीचा. "2.9 आहे ना, मग बाटली लावून टाका, आठवड्यात ऑपरेशन करा." एका बाटलीला तेव्हा पाच-सहा हजार लागायचे. सर्जनना विचारलं तेव्हा ते म्हणाले की बाटलीने रिपोर्टमधला आकडा वर जाईल, काकांच्या दंडावर मांस चढणार नाही. शिवाय अल्ब्युमिन नुसतं खाण्यावर ठरत नाही. ते लिव्हरमध्ये बनतं आणि अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी खाली येतं. रक्तात त्याचा निम्मा साठा बदलायलाच वीसेक दिवस लागतात, म्हणून दर चार दिवसांनी तपासून हाती काही लागत नाही. हिमोग्लोबिनसाठी मात्र लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून दिलं, 23 जूनला साताऱ्यातच, 3,900 रुपये.

उपवासाचं काय, हा प्रश्न आबांनी स्वतःच विचारला होता. 21 जूनला एकादशी होती, 6 जुलैला आषाढी. आबांनी आयुष्यात एकादशी मोडलेली नाही, आणि ती मोडा असं म्हणायचं माझ्या तोंडून येईना. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मोडू नका. साबुदाणा तेवढा टाळा, त्यात प्रोटीन नावाला नाही." मग राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, दाण्याची घट्ट आमटी, पनीर, दही, दूध आणि दुधातूनच पावडर. आषाढीला आबांच्या पोटात 74 ग्रॅम प्रोटीन गेलं, मी लिहून ठेवलंय. त्यांची एकादशी झाली आणि आमचा आकडाही झाला.

नुसतं खाऊन स्नायू बनत नाहीत, हालचाल लागते. सकाळ-संध्याकाळ चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा व्यायाम (औषधाच्या दुकानात 350 रुपयांना मिळालं). पालखी लोणंदला आली तेव्हा भाऊ आबांना गाडीने दर्शनाला घेऊन गेला. गर्दीतून थोडंसं चालले, कुणाच्या तरी हातून पाणी प्यायला लागले तर भावाने घरून नेलेली बाटली पुढे केली. घरी आल्यावर त्या दिवशी त्यांनी आपण होऊन आणखी एक भाकरी मागितली.

वजन रोज करू नका, जीव टांगणीला लागतो. आम्ही आठवड्यातून दोनदा करायचो, त्याच काट्यावर, सकाळी चहाच्या आधी. आणि वजन वाढलं की लगेच हुरळून जायचं नाही: नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून खड्डा पडतो का ते पाहायचं. खड्डा पडला तर वाढलेलं वजन पाण्याचं असू शकतं, मग डॉक्टरांना फोन.

7 जुलैला पुण्यात तपासणी झाली. वजन 56.1. पहिल्यांदा ऐकून माझा चेहरा पडला, अडीच आठवड्यांत फक्त एक किलो. पण पकड 24 किलो झाली होती, अल्ब्युमिन 3.2, हिमोग्लोबिन 10.6. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या की आधी घसरण थांबणं महत्त्वाचं असतं, नऊ किलो परत यावेत अशी कुणाचीच अपेक्षा नाही. सर्जननी 22 जुलै नक्की केली. सोनोग्राफी करून गाठी तेवढ्याच आहेत हेही दाखवलं, तेव्हा भावाने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आता कागदपत्रांचं, कारण तारीख पुढे गेली की इथे गुंता होतो. जुन्या पूर्वमंजुरीची मुदत पंधरा दिवसांची होती, ती संपली. 15 जुलैला नवीन फॉर्म भरला. विमा कंपनीच्या मध्यस्थांकडून चौकशीपत्र आलं: "शस्त्रक्रिया पुढे का ढकलली याचा खुलासा द्यावा." सर्जननी वजनाचे आकडे घालून अर्ध्या पानाचं पत्र दिलं, ते गेल्यावर मंजुरी मिळाली. तुमची तारीख पुढे गेली तर असं पत्र त्याच दिवशी मागून ठेवा. दुसरी गोष्ट, आमच्या पॉलिसीत भरतीच्या आधीच्या 30 दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मिळतात. भरती 21 जुलैला झाली, म्हणजे 13 जूनचा सीटी स्कॅन आणि 19 जूनच्या तपासण्या त्यातून बाहेर पडल्या. काही पॉलिसींत ही मुदत 60 दिवसांची असते, आपली किती ते पाहून घ्यावं. प्रोटीन पावडर आणि आहारतज्ज्ञांची फी आम्हाला विम्यातून मिळाली नाही. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांमध्ये 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना आधी भेटा. तहसीलमधून दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून खाण्यापिण्याच्या या आठवड्यांतच ते काम उरकून घेता येतं.

21 जुलैला भरती झालो. पुन्हा एकादशी. वजन 57.2, पकड 25.5. मला वाटलं होतं की रात्रीपासून पाणीसुद्धा बंद असेल, पण आता तसं करत नाहीत: घन पदार्थ सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पातळ पेय दोन तास आधीपर्यंत चालतं. रात्री आणि पुन्हा पहाटे पिण्यासाठी पाण्यात कालवलेल्या पिष्टमय पावडरीचं एक पेय दिलं, म्हणजे शरीर उपाशी अवस्थेत ऑपरेशनला जात नाही. ती पावडर मक्यापासून बनते असं नर्सने सांगितलं. मी आबांकडे पाहिलं. "औषधाला एकादशी नसते," म्हणाले आणि पेला रिकामा केला.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं, दुपारी अडीचला सर्जन बाहेर आले. रक्ताची एकच पिशवी लागली. त्या रात्री आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर आई आणि मी बसून होतो, त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी अशी रात्र काढलीय त्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फिजिओथेरपिस्टने आबांना खाटेच्या काठावर बसवलं आणि पाण्याचे घोट दिले. दुपारी ताक. 24 तारखेला मऊ वरणभात. अल्ब्युमिन 2.6 वर आलं होतं, ते ऑपरेशननंतर उतरतंच असं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. रोज बिलिरुबिन (काविळीत वाढतो तो पित्तातला पिवळा घटक) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) पाहायचे. उरलेलं लिव्हर काम धरतंय का हे या दोन आकड्यांवरून कळतं, आणि पाचव्या दिवसाच्या आकड्यांकडे डॉक्टरांचं विशेष लक्ष असतं. आबांचं बिलिरुबिन 3.1 पर्यंत चढलं, पाचव्या दिवशी 1.9 ला आलं. आयएनआर 1.3.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही, आणि ते सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या, म्हणजे पोटात साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या पिशवीत हिरवट पिवळं पाणी दिसलं. तपासलं तर त्यात रक्ताच्या तिपटीहून जास्त बिलिरुबिन, म्हणजे लिव्हरच्या कापलेल्या कडेतून पित्त झिरपत होतं. आईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मग एवढं खाऊन काय झालं गं?" मी तोच प्रश्न सर्जनना विचारला. ते म्हणाले की खाण्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. पित्त झिरपणं लिव्हरच्या ऑपरेशनमध्ये नवीन नाही, खरा प्रश्न असतो ते सोसायची ताकद पेशंटमध्ये आहे का हा. आबांना ताप आला नाही, न्यूमोनिया झाला नाही, पोटात पू झाला नाही, वॉर्डात ते चालत होते. ड्रेन ठेवूनच घरी जा, आपोआप बंद होईल. जेवण थांबवायचं नाही.

1 ऑगस्टला घरी सोडायचं सकाळी दहाला ठरलं, विम्याची अंतिम मंजुरी आली संध्याकाळी सहाला. 2024 च्या विमा प्राधिकरणाच्या परिपत्रकात डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांची मर्यादा आहे, ते दाखवून भावाने तक्रार क्रमांक घेतला तेव्हा हालचाल झाली. बिल 4,86,000. विम्याने 4,31,000 दिले, खोलीभाड्याची मर्यादा आणि हातमोजे-किट वगैरे वजा झालं. त्याआधीच्या खाण्यापिण्याच्या, तपासण्यांच्या आणि गाडीच्या खर्चाचा हिशोब वेगळा, तो साधारण 45,000 झाला.

ड्रेनची पिशवी रोज एकाच वेळी रिकामी करून मिली वहीत लिहायचो: 120, 90, 70, मग एकदम 20. 12 ऑगस्टला तो काढला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्याचा, म्हणजे कडेला कॅन्सर नसल्याचा बायोप्सीचा रिपोर्टही त्याच दिवशी हातात पडला. घरी आल्यावर वजन 54 पर्यंत उतरलं होतं, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 56. उरलेल्या केमोसाठी गेलो तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांनी डोस लिहिण्याआधी वजन विचारलं आणि मी आमची वही पुढे केली. ती त्यांनी शेवटच्या पानापर्यंत चाळली, मग आईला म्हणाले, "हा सोयाबीनच्या भाकरीचा प्रकार जरा नीट सांगा, बाहेर बसलेल्या दोघातिघांना लिहून द्यायचाय."

आईने पिठाचं प्रमाण सांगितलं: तीन वाट्या ज्वारी, एक वाटी सोयाबीन, आणि उकड काढताना पाण्यात चिमूटभर मीठ. सोयाबीन दळायच्या आधी मंद आचेवर भाजून घ्यायचं, म्हणजे उग्र वास जातो.